राजारामपुरीतला अकाउंट्सचा कोर्स : फी वसूल, सर्टिफिकेट फायलीत

कोल्हापुरात राजारामपुरीत मेन रोडवरून आत वळलं की एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर हा क्लास चालतो. 'प्रॅक्टिकल अकाउंटिंग, जीएसटी अँड टॅक्सेशन', मुदत सहा महिने, फी पंधरा हजार. क्लासचं नाव लिहीत नाही. सर ओळखीचे आहेत आणि पुढं जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं त्यांना आवडायचं नाही. खाली फ्लेक्स आहे: टाय लावलेला मुलगा, हातात लॅपटॉप, आणि ठळक अक्षरात 'सीए न होता सीएसारखं करिअर! नोकरीची शंभर टक्के हमी!' असा फ्लेक्स त्या भागात चार ठिकाणी तरी दिसेल, त्यामुळं मी नाव फोडलं असं कुणी म्हणणार नाही.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतायच्या कारखान्यात, अकाउंट्स आणि कॉस्टिंग बघते. आमच्याकडच्या दोन ज्युनिअर मुलांची फी कंपनीनं भरली. एक मुरगूडचा, बी.कॉम. दुसरी गडहिंग्लजची, एम.कॉम., फर्स्ट क्लास. तीस हजार मंजूर करून घेताना मालकांना 'मी स्वतः बसून बघते, मग सांगते' असा शब्द दिला होता, म्हणून शनिवारच्या तासांना मीही मागच्या बाकावर.

मंजुरीच्या वेळचा मालकांचा प्रश्न फार नेमका होता. "मॅडम, कोर्स झाला की ह्यांची सही चालतीया का कुठं?"

"नाही."

"मग पंधरा-पंधरा हजार कशाला?"

हसू नका. कोल्हापुरात अकाउंट्सच्या कुठल्याही शिक्षणाचा भाव याच प्रश्नावर ठरतो. बँकेत, जीएसटीच्या ऑफिसात, इन्कम टॅक्समध्ये, सहकार खात्यात कुणाची सही घेतात? ज्याची घेतात तो शिकलेला, बाकीचे सगळे 'अकाउंटला असतात'. सीएचा दबदबा इथूनच येतो. कंपनीचं वैधानिक ऑडिट आणि इन्कम टॅक्सचं टॅक्स ऑडिट, दोन्हीला सीएच लागतो. ज्याचा धंदा आहे त्याला वर्षातून एकदा तरी त्या दारात जावंच लागतं. म्हणून निकाल लागला की पेठेतल्या चौकात फ्लेक्स लागतो, मुलाच्या फोटोखाली तालमीतल्या तीस जणांची नावं शुभेच्छुक म्हणून छापलेली असतात. इंजिनिअर झाल्यावर आता कुणी फ्लेक्स लावत नाही. सीएचा अजून लागतो, आणि ते बरोबरच आहे. पास व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस आणि ग्रुपला सरासरी पन्नास टक्के, हे ऐकायला सोपं वाटतं. बसलेल्याला विचारा.

मी सीए नाही. मी कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए. जुनी माणसं अजून आयसीडब्ल्यूए म्हणतात, कारण संस्थेचं नाव २०१२ साली बदललं. संस्था मात्र १९५९ च्या कायद्यानं झालेली, सीएंची १९४९ च्या. दोन्ही संसदेच्याच कायद्यानं. हे मी लग्नकार्यात सांगायचं केव्हाच सोडून दिलंय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे सीए न्हवं?" बँकेतले ओळखीचे साहेब तर सीएमए म्हटलं की कॅश क्रेडिटच्या कर्जाच्या प्रस्तावाला आकड्यांचे कागद जोडतात तो सीएमए डेटाच समजतात.

आमची सही कायद्यानं जिथं लागते ते कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशेबाची तपासणी, आणि तेही ठरावीक उद्योगांत, ठरावीक उलाढालीच्या वर. साखर त्या यादीत आहे. पण आपल्या जिल्ह्यातले बरेच कारखाने सहकारी. सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळं कंपनी कायद्यातलं कॉस्ट ऑडिट त्याला लागू नाही. उसाच्या पट्ट्यात राहून साखरेचं काम हातात येत नाही, असा आमचा योग.

मधे जीएसटीनं तीन वर्षं आमचेही दिवस आणले होते. वार्षिक रिटर्नबरोबरच्या नऊ-सी फॉर्मवर सीए किंवा सीएमए, कुणाचीही सही चालायची. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांसाठी माझ्या फोनवर असे मालक आले, जे एरवी मला 'त्या अकाउंटवाल्या मॅडम' म्हणायचे. 'सीएमए मॅडम आहेत का?' २०२०-२१ पासून ती सही काढून टाकली, करदात्यानं स्वतःच प्रमाणित करायचं असं ठरलं. फोनही थांबले. मला कामाचं ज्ञान तेवढंच होतं की! सही गेली, मान गेला. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही 'अकाउंटंट'च्या व्याख्येत सीएच राहिले. आमच्या संस्थेनं बरीच खटपट केली, पण नाही झालं.

हे सगळं डोक्यात ठेवून मी त्या क्लासमधे बसले. जिथं कुणाचीच सही कुठंच चालत नाही असा कोर्स नेमकं विकतो काय, हे मला बघायचं होतं.

तर विकतो ती एक पिशवी.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी सरांनी टेबलावर कापडी पिशवी उपडी केली. त्यांच्या मेहुण्यांचं मसाल्याचं दुकान होतं, आता बंद झालंय, त्या दुकानाची एका तिमाहीची खरी बिलं. पिवळी, गुलाबी, काही नुसत्या चिठ्ठ्या, दोन-चारांवर तिखटाचे डाग, आणि अख्ख्या खोलीत वास. सर म्हणाले, "पुस्तकातलं बिल तुम्हाला आयुष्यात कुणी देणार नाही. हे देतील. लावा." चौघाचौघांचे गट केले आणि बिलं वाटून टाकली.

आमच्या एम.कॉम.च्या वाट्याला ब्याडगी मिरचीचं बिल आलं. वर छापील नाव आणि जीएसटी नंबर, खाली हातानं लिहिलेलं वजन, दर, आणि 'जीएसटी ५%' एवढंच. तिनं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे झरझर एंट्री मारली: अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. सर मागं येऊन उभे राहिले.

"जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे वाच."

"दोन, नऊ."

"आपला किती?"

"सत्तावीस."

"मग गाडी घाट उतरून आली की चढून, मला काय करायचंय? हद्द ओलांडून आली ना? आयजीएसटी."

२९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र; दुसऱ्या राज्यातून माल आला की कराचे दोन भाग नाहीत, एकच आयजीएसटी. कोल्हापुरात बसून काम करायचं तर हे २९ आणि २७ डोळ्यांत भरलेलं पाहिजे. निपाणी इथून तासाभराच्या आत. आपला व्यापारी सकाळी निपाणीचा माल घेतो, दुपारी इचलकरंजीचा, आणि दोन्ही बिलं एकाच पिनेला टोचून अकाउंटंटकडं पाठवतो. विद्यापीठाच्या पेपरात 'आंतरराज्य पुरवठा म्हणजे काय' यावर पाच मार्कांचं उत्तर तिनं नक्की लिहिलं असणार. इथं बिलाच्या कोपऱ्यात ते उत्तर होतं आणि दिसलं नाही.

मग गूळ निघाला. सुट्या ढेपेवर कर नाही. तोच गूळ पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद पिशवीत लेबल लावून आला तर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के. बिलावर नुसतं 'गूळ' लिहिलेलं. काय करायचं? सरांनी उत्तर दिलं नाही, म्हणाले, फोन लावून विचारायचं, अंदाजानं एंट्री करायची नाही. एक बिल फ्रिजचं होतं. "कुठं टाकणार?" अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "ऑफिस इक्विपमेंट!" सर म्हणाले, "मसाल्याच्या दुकानात फ्रिज? मेव्हणीच्या स्वयंपाकघरात आहे तो. ड्रॉइंग्जला, म्हणजे मालकाच्या घरखर्चाला टाका, आणि त्यावर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्यायची नाही." तो तास साडेतीन तास चालला. कुणी उठलं नाही.

हे सर स्वतः सीए इंटर झालेले. फायनलला थांबले, आणि मग शाहूपुरीतल्या एका सीएंच्या ऑफिसात वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी शिकवताना हे लपवलं नाही, मिरवलंही नाही. अशा माणसांचा एक थर कोल्हापूरच्या प्रत्येक ऑफिसात आहे, आणि त्यांच्या नावापुढं लिहायला काही नसतं. तीस सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या रात्री ऑफिस तेच चालवतात. सही सकाळी होते.

नोकरी देणारी म्हणून सांगते, बाजारात या माणसांचा भाव सर्टिफिकेटवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. अर्ज आला की मी डिग्रीच्या आधी एक ओळ शोधते: आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, पूर्ण आहे का, आणि कुणाकडं. पास-नापास नंतर. ज्यानं आर्टिकलशिपमधे अधिकाऱ्यासमोर फाईल धरून उभं राहायचं काम केलंय, त्याला नोटीस आली म्हणून घाम फुटत नाही. नव्या पद्धतीत ती मुदत तीन वर्षांवरून दोन केली, यावर प्रॅक्टिसवाले सीए जेवढे चिडलेत तेवढी मुलं खूश आहेत. तिसऱ्या वर्षी मुलगा खरा उपयोगाला येतो, हे मात्र मीही ऐकून नाही, बघून सांगते.

आता कोर्सच्या कमी बाजूकडं येते.

टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापायचा, भाग पाठांतराचा. कलम १९४-सी, १९४-जे, १९४-क्यू, फळ्यावर तक्ता आणि वहीत उतरवा. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडेच वेगळे. आकडे पाठ करून काय मिळवलं? ट्रकवाल्याकडं दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्या आणि त्यानं पॅनसह लिहून दिलं तर कपात नाही, हे का, ते कागद कुठं ठेवायचे, तिमाहीच्या रिटर्नमधे ते कसं दाखवायचं, यावर एक वाक्य नाही. सकाळच्या बॅचला सर स्वतः नसतात, त्यांचा एक असिस्टंट शिकवतो. त्याच्या हाताखाली हा भाग फारच कोरडा गेला असं आमच्या मुरगूडच्या मुलाचं म्हणणं. तो सुरुवातीला सकाळच्या बॅचला होता, मग मी त्याला संध्याकाळी बदलून घेतलं.

पीएफ-ईएसआय दोन तासांत उरकलं. एक्सेल म्हणजे बेरीज, व्ही-लुकअप, संपलं. कॉस्टिंग शून्य. हे मला लागणारच, पण फक्त माझ्या धंद्यामुळं नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, एवढ्या सगळ्या कारखान्यांत जी मुलं नोकरीला जाणार, त्यांना एका किलो कास्टिंगला खर्च किती येतो हे शोधायची रीत माहीत नको? आमच्याकडं टन धातू वितळवायला सहाशेच्या घरात युनिटं वीज जाते. ओतलेल्या धातूतला किती विकाऊ माल झाला, किती रनर-रायझर होऊन परत भट्टीत गेला, फेटलिंगनंतर किती तुकडे रिजेक्ट, यावर दर ठरतो. पुण्याचं गिऱ्हाईक पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावावर दर तिमाहीला रेट खालीवर करतं, त्याला कागदावर हिशेब द्यावा लागतो. टॅलीत परचेस आणि सेल्स जुळलं म्हणून ते कळत नाही. सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, कॉस्टिंग म्हटलं की ॲडमिशन येत नाहीत. फ्लेक्सवर जीएसटीच लागतं." बरोबर असेल. सहीचाच भाव, दुसरं काय.

पावतीचा किस्साही सांगायलाच हवा. कंपनीच्या नावानं बिल मागितलं तर साधी पावती मिळाली, जीएसटी नंबर नाही. जीएसटी शिकवणाऱ्या क्लासच्या पावतीवर! सर म्हणाले, "ताई, वीस लाखांच्या आत आहे." सेवांना वीस लाखांची मर्यादा आहे, मान्य. पण माझी सवय जात नाही. एका बॅचला पंचवीस मुलं, दिवसाला तीन बॅच, वर्षात दोनदा. दीडशे गुणिले पंधरा हजार. साडेबावीस लाख. मी काही बोलले नाही, नुसतं पावतीच्या मागच्या बाजूला पेननं गुणाकार करून त्यांच्यासमोर ठेवला. ते हसले, सगळे फुल फी भरत नाहीत म्हणाले. तेही खरं असेल. पुढच्या बॅचच्या पावतीवर नंबर छापून आलाय असं कळलं.

आणि ती शंभर टक्के नोकरीची हमी. हमी म्हणजे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जागांच्या जाहिराती येतात. त्यात आमच्या कंपनीची जाहिरातही आली होती, ती मीच दिलेली.

त्या जाहिरातीवर आलेल्या मुलांची मी मुलाखत घेतली, तेव्हा सर्टिफिकेटाचं काय होतं ते जवळून दिसलं. मालक मुलाखतीला बसतात, दहा मिनिटं. त्यांच्या हातात फाईल देतात ती अशी: लॅमिनेट केलेली सहा सर्टिफिकेटं, टॅली, ॲडव्हान्स टॅली, टॅली विथ जीएसटी, एमएस-सीआयटी, टायपिंग, आणि हा कोर्स. मालक पानं उलटतात, फोटो बघतात, गाव विचारतात, आणि फाईल माझ्याकडं सरकवतात. मी फाईल बाजूला ठेवते आणि ट्रान्सपोर्टचं एक बिल पुढं करते. माल गोकुळ शिरगावातून चाकणला गेलेला, भाडं बारा हजार, बिलात कर लावलेला नाही. "एंट्री सांग."

"फ्रेट खात्याला डेबिट, ट्रान्सपोर्टरला क्रेडिट."

"झालं?"

इथं बहुतेक जण गप्प होतात. रिव्हर्स चार्जचे, म्हणजे ट्रान्सपोर्टरऐवजी भाडं देणाऱ्यानं भरायचे, पाच टक्के जीएसटी आपण भरायचे, त्याचं क्रेडिट घ्यायचं, टीडीएस बघायचा. एम.कॉम. असो, एम.बी.ए. फायनान्स असो, बिलाकडं बघून 'अजून काहीतरी आहे' असं ज्याला वाटलं तो निम्मा पास. परवाच्या खेपेला जो घेतला तो साधा बी.कॉम., लक्ष्मीपुरीत एका अडत्याकडं दिवाणजीच्या हाताखाली काम केलेला. त्यानं बिल उलटं करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं. मला तेवढंच पुरलं.

त्याच खेपेला पुण्याहून परत येऊ बघणारी एक मुलगी होती, एसीसीए, म्हणजे ब्रिटनमधल्या संस्थेची अकाउंट्सची परीक्षा चालू, तेरापैकी नऊ पेपर सुटलेले. इंग्रजी फर्डं, आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड तोंडपाठ. खराडी-हिंजवडीतल्या कंपन्यांत तिला उड्या पडतील. इथं मालकांनी विचारलं, "ते सीएच्या वरचं का खालचं?" तिला उत्तर देता येईना आणि मलाही एका वाक्यात देता येईना. भारतात ऑडिटवर सही करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. वाईट वाटलं, पण फौंड्रीला तिचा उपयोग नव्हता, आणि तिलाही फौंड्रीचा.

मला खरं तर या क्लासला एक वेगळंच सुचवायचंय. टॅक्सेशनच्या फ्लेक्सखाली जीडीसी अँड ए ची बॅच काढा. सहकार खात्याची ही परीक्षा कोल्हापूर जिल्ह्यात जेवढ्या कामाची आहे तेवढी मुंबईत नसेल. इथं गावात दोन-दोन दूध संस्था, एक विकास सेवा संस्था, आणि पतसंस्था तर विचारूच नका. प्रत्येकीला दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं. पॅनेलवरचा ऑडिटर वार्षिक सभेत नेमायचा असतो. सीएही चालतो, आणि पदवी, जीडीसी अँड ए, वर संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव असलेला प्रमाणित लेखापरीक्षकही चालतो. दोघांनाही मराठीचं कामापुरतं ज्ञान पाहिजे असं कायद्यातच लिहिलंय. फॉरेनच्या डिग्रीवाल्यांनी नोंद घ्यावी.

माझे मामा याच परीक्षेवर उभे राहिले. शहरातल्या सीए मंडळींत त्यांना 'जीडीसीए होय' अशा सुरात ओळखतात. त्या सुरात काय असतं ते मला सांगायला नको, सीएमएला तो सूर पाठ आहे. पण मामांबरोबर एकदा कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेत गेले होते. संस्थेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'सतत ऑडिट वर्ग अ'. चेअरमन खुर्ची सोडून उभे. सेक्रेटरीनं दूध संकलनाची रजिस्टरं अगोदरच ओळीनं मांडून ठेवलेली. मामांनी चहा नाकारला, दिवाळीच्या दर-फरकाची वाटप यादी काढली, सह्या आणि अंगठे पानोपानी बघत गेले, आणि एका नावाशी थांबले. "हा सभासद वारलाय की दोन वर्षांपूर्वी. ह्याच्या नावानं फरक कुणी उचलला?" सेक्रेटरी म्हणाला, मुलानं. "मग वारस नोंद कुठाय?" खोलीत कुणी हललं नाही. एवढा धाक मी शहरातल्या बोर्ड मीटिंगमधे सीएंचाही बघितलेला नाही. कारण तो 'अ' वर्ग मामांच्या पेनात होता, आणि तो ज्याच्या पेनात, त्याला गाव शिकलेला म्हणतं.

तर कोर्स संपला. आमच्या दोघांना सर्टिफिकेट मिळाली, सोनेरी किनारीची. एचआरनं झेरॉक्स घेऊन फायलीत लावली. मालकांनी बघितली नाहीत. पगारात फरक पडला नाही.

फरक पडला तो नंतर. मुरगूडचा मुलगा दर महिन्याला चौदा तारखेनंतर टू-बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, उतरवून आमच्या खरेदीशी ताडून बघायला लागला. अगोदर हे काम वीस तारखेच्या रात्री, महिन्याचं थ्री-बी रिटर्न भरायच्या धांदलीत व्हायचं, किंवा व्हायचंच नाही. त्यात त्याला एक सप्लायर सापडला. त्यानं आमची तीन बिलं त्याच्या रिटर्नमधे दाखवलीच नव्हती, रक्कम लहान नव्हती. आमच्या मुलानं स्वतः फोन करून, पाठपुरावा करून ती दाखवायला लावली. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकलेली बिलं, ज्यांचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत गेले नाहीत आणि वर्षअखेरीलाही थकलेले राहिले तर त्या वर्षी खर्च धरला जात नाही, त्यांची यादी त्यानं मार्चच्या आधी तयार ठेवली. ऑडिटला आमचे बाहेरचे सीए आले, यादी बघितली, चष्मा वर केला आणि मालकांना म्हणाले, "हे पोरगं चांगलं आहे हं तुमचं. जपा."

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमधे बोलावलं. "त्या मुरगूडच्या पोराचे दोन हजार वाढवूया."

मी म्हटलं, मी हेच गेल्या चार महिन्यांपासून सांगतेय.

"व्हय, पण आता सीएच म्हणाले की."

मी काही बोलले नाही. दोन हजार वाढले, ते महत्त्वाचं. गडहिंग्लजच्या मुलीनं जीडीसी अँड ए चा फॉर्म भरलाय. तिचे वडील गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी आहेत, घरात खूश आहेत, जरा धास्तावलेलेही असावेत.

आता कुणी हा कोर्स करावा? ज्यानं बी.कॉम. केलंय आणि आजवर एकही खरं बिल हातात घेतलेलं नाही, त्यानं जरूर करावा. पंधरा हजारांत ती पिशवी स्वस्त आहे. सीए इंटर सोडलेल्यानं करू नये, त्याला यातलं सगळं येतं, त्यानं सरळ मुलाखती द्याव्यात. सर्टिफिकेटावर नोकरी मिळेल म्हणून जाणाऱ्यानं पैसे वाचवावेत. माझ्याकडून पाचात साडेतीन. कॉस्टिंगचा एक आठवडा घातला तर चार देईन, आणि शिकवायला माणूस मिळत नसेल तर शनिवारी मी येते.

बॅच संध्याकाळची साडेसहाचीच घ्या, तिथं सर स्वतः असतात. टूव्हीलर गल्लीत लावू नका, समोरच्या घरातले आजोबा हवा सोडतात. ॲडमिशनच्या आधी एक तास फुकट बसू देतात, तेव्हा घरच्या दुकानाची किंवा काकांच्या ट्रकची दोन बिलं घेऊन जा आणि एंट्री विचारा. असिस्टंटनं उत्तर दिलं तर थांबा, सर येईपर्यंत.